गाणं हवं, गाणारे जरा लांबच बरे: मगरिबातलं अरब आणि अमाझिग संगीत

मोरोक्कोत मेक्नेस किंवा फेससारख्या शहरात लग्न असलं की मिरवणुकीपुढे इसावा या सूफी पंथाचे वादक लांबलचक कर्णे आणि ढोल घेऊन येतात. पाहुणे स्थिरस्थावर होईपर्यंत एका बाजूला कुणीतरी जुन्या अंदालुसी, म्हणजे स्पेनमधून आलेल्या दरबारी चाली वाजवत असतं. मध्यरात्र उलटली की शाबी, म्हणजे लोकप्रिय नाचाची गाणी सुरू होतात आणि आजीपासून नातीपर्यंत कुणी खुर्चीत टिकत नाही. पहाटेपर्यंत हे चालतं. पण याच घरातली मुलगी उद्या म्हणाली, ‘मला ही गाणी गाणाऱ्या बायांसारखं गायचंय,’ तर घरात सुतक पडेल.

अरब आणि बर्बर समाजात संगीताचं स्थान काय, याचं उत्तर मला या विसंगतीत दिसतं. तिथे गाण्यावाचून पान हलत नाही. लग्न, सुगी, आजारपण, भांडण, राजकारण या सगळ्याला गाणं लागतं. आणि ते गाणं पुरवणारी माणसं बहुतेक वेळा समाजाच्या कडेला राहणारी असतात: बदनाम बायका, गुलामांचे वंशज, ज्यू, गावोगाव हिंडणारे कवी. हे नीट दिसतं ते ‘मगरिब’ म्हटल्या जाणाऱ्या पश्चिमेच्या पट्ट्यात, म्हणजे मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात. तिथे दोन्ही समाज शेकडो वर्षं एकमेकांत मिसळून राहिलेत, म्हणून हा लेख तिथलाच.

आधी ही माणसं कोण ते पाहू. उत्तर आफ्रिकेचे मूळ रहिवासी म्हणजे बर्बर. हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. सातव्या शतकापासून अरब आले, इस्लाम आला, अरबी भाषा आली. पुढे अनेक अमाझिग टोळ्या अरबी बोलू लागल्या, त्यामुळे आज कोण ‘अरब’ आणि कोण ‘अमाझिग’ हे रक्तावरून सांगता येत नाही. घरात कोणती भाषा बोलतात यावरूनच ते ठरतं. अमाझिग भाषा डोंगरात आणि वाळवंटात टिकली: मोरोक्कोत रीफ, मध्य अॅटलस आणि सूसच्या खोऱ्यात, अल्जीरियात कबिली प्रदेशात, सहाराच्या पोटात तुआरेगांकडे.

कान थोडा तयार असेल तर फरक लगेच कळतो. कैरोच्या बाजूचं संगीत ‘मकाम’ पद्धतीवर चालतं आणि त्यातले काही स्वर हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मध्ये पडतात. १९३२ साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती, बेला बार्टोकसारखे युरोपीय संगीतकारही आले होते. त्या स्वरांची मापं ठरवताना तिथे भरपूर वाद झाले. मोरोक्कोच्या शहरी संगीतात हे मधले स्वर जवळपास नाहीतच. आणि सूसमधल्या अमाझिग गाण्यांत पाचच स्वर असतात, त्यामुळे भूप-दुर्गा ऐकलेल्या आपल्या कानांना ती पहिल्याच फेरीत ओळखीची वाटतात.

आता धर्माचा प्रश्न. ‘इस्लाममध्ये संगीत निषिद्ध आहे ना?’ असं हमखास विचारलं जातं. कुराणात संगीतावर थेट, निर्विवाद बंदी सांगणारं वचन नाही. वाद आहे तो वचनांच्या अर्थाचा आणि प्रेषितांच्या आठवणींचा, आणि तो हजार वर्षं चालू आहे. एक पक्ष म्हणतो, वाद्यं माणसाला दारूकडे आणि वासनेकडे नेतात, म्हणून नकोत. दुसऱ्या बाजूला अकराव्या-बाराव्या शतकातला गझाली हा मोठा धर्मपंडित म्हणतो की काय गायलं जातं, कुठे, कशासाठी आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर ते ठरतं. सूफी पंथांनी तर गाणं साधनेतच आणलं. कुराणपठण सुरेल असतं, त्यात आलाप-ताना म्हणाव्यात अशा जागा असतात, पण त्याला कुणी ‘संगीत’ म्हणत नाही. इजिप्तची उम्म कुलसुम वडिलांकडून आधी तेच शिकली. वडील गावच्या मशिदीचे इमाम. पोरगी चारचौघांत गाते ही नामुष्की झाकायला ते तिला मुलाचे कपडे घालून कार्यक्रमांना नेत. पुढे तीच बाई महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री रेडिओवर गाऊ लागली की कैरोपासून कासाब्लांकापर्यंत लोक रेडिओभोवती जमत, आणि १९७५ साली ती गेली तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो माणसं लोटली. तात्पर्य, निषेध कागदावर कडक असला तरी व्यवहारात त्याला पळवाटा भरपूर होत्या. मात्र त्याची झळ गाण्यापेक्षा गाणाऱ्याला जास्त लागली.

याला मोठा अपवाद म्हणजे अमाझिग गाव. तिथे गाणारा वेगळा नसतोच.

अॅटलसच्या दक्षिण उतारावर आणि सूसमध्ये रात्री गावाच्या मोकळ्या जागेत ‘अहवाश’ होतो. आधी शेकोटी पेटते, ती थंडीपेक्षा वाद्यांसाठी. बेंदीर हे आपल्या डफासारखं गोल वाद्य, बोकडाचं कातडं लावलेलं. रात्रीच्या गारव्याने कातडं सैल पडतं, म्हणून ते पुन्हापुन्हा आगीसमोर धरून तापवतात. कातड्याच्या आतल्या बाजूने आतड्याच्या एक-दोन तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे थाप पडली की आवाजाला खरखर येते. ती खरखर हवीच असते, नाहीतर बेंदीर मुका वाटतो. मग एक कवी तालाशिवाय, लांब सुरात ओळ टाकतो. पुरुषांची रांग ती उचलते, समोरून बायकांची रांग उत्तर देते, खांद्याला खांदा लावून दोन्ही रांगा हलू लागतात. बेंदीर सावकाश सुरू होतात आणि शेवटाकडे जीव तोडून धावतात.

यात प्रेक्षक असे नसतात. गावातल्या प्रत्येकाने उभं राहायचं असतं, आणि कोण कुणाशेजारी उभं आहे, कोण आलंच नाही, हे सगळ्यांच्या नजरेत असतं. लग्नं जमतात ती इथेच नजरानजर होऊन. शिवाय कवींची जुगलबंदी असते: एकाने ओळीतून शेजारच्या गावाच्या पाण्याच्या वाटणीवर टोमणा मारायचा, दुसऱ्याने त्याच वृत्तात, तिथल्या तिथे, उत्तर द्यायचं. जे पंचांसमोर बोलता येत नाही ते इथे बोलता येतं. राग आला तरी मारामारी करता येत नाही. प्रतिओळच सुचावी लागते. मध्य अॅटलसमध्ये याच प्रकाराला ‘अहिदुस’ म्हणतात. चाली आणि ताल वेगळे, काम तेच.

सूसचे ‘रवाय्स’ मात्र पोटासाठी गाणारे. एकतारी रबाब, ज्याची तार म्हणजे घोड्याच्या केसांचा झुपका. लोतार नावाचं छेडायचं वाद्य. आणि नाकूस, म्हणजे दोन सळ्यांनी बडवायचा लोखंडाचा तुकडा. एवढं घेऊन ही मंडळी बाजारांच्या गावी हिंडत, माराकेशच्या जमा अल्-फना चौकात रिंगण धरत. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या मुलखात बातमी, उपदेश आणि थट्टा एकाच गाण्यातून पोचे. यातले सर्वांत नावाजलेले हाज बेलाईद. १९३० च्या दशकात त्यांच्या तबकड्या निघाल्या, आणि पॅरिसच्या प्रवासावरही त्यांनी गाणं रचलं. सूसचा माणूस तेव्हा कामासाठी फ्रान्सला जाऊ लागला होता. पुढे १९६० च्या दशकात फ्रेंच कोळसाखाणींसाठी मोरा नावाचा माणूस गावोगाव भरती करत फिरला. उघड्या छातीच्या जवान पोरांना रांगेत उभं करायचं, तपासायचं आणि छातीवर शिक्का मारायचा: हिरवा म्हणजे पसंत, लाल म्हणजे नापसंत. मागे राहिलेल्या बायकांनी या मोरावर गाणी केली. भरतीच्या सरकारी कागदांत आकडे मिळतात. रांगेत उभ्या केलेल्या नवऱ्याकडे बघताना काय वाटलं, ते या गाण्यांत आहे.

शहरांचं संगीत वेगळ्याच वाटेने आलं. १४९२ साली ग्रानाडा, म्हणजे स्पेनमधलं मुसलमानांचं शेवटचं राज्य पडलं, आणि स्पेनमधून मुसलमान व ज्यू टप्प्याटप्प्याने हुसकले गेले. ते तेतुआन, फेस, त्लेमसेन, ट्युनिसला आले आणि सोबत दरबारी संगीत घेऊन आले. तेच आजचं ‘अंदालुसी’. त्याचं एकक ‘नूबा’: एकाच स्वरव्यवस्थेतल्या गाण्यांची लांबलचक मालिका, संथ लयीपासून द्रुत लयीपर्यंत चढत जाणारी. एकेकाळी २४ नूबा होत्या, दिवसाच्या प्रत्येक तासाला एक, असं परंपरा सांगते. मोरोक्कोत ११ उरल्या. मोरोक्कोतली नूबा पाच तालविभागांत चालते आणि अख्खी वाजवायची म्हटली तर काही तास लागतात. चाली लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती. तेतुआनच्या अल्-हाईक या विद्वानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस पदांची वही केली, म्हणून शब्द तरी वाचले. सूर गुरूकडून शिष्याकडेच गेले.

या संगीताला प्रतिष्ठा होती, तरी त्यात ज्यू कलावंत किती होते हे पाहण्यासारखं आहे. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन शहरात या परंपरेला ‘मालूफ’ म्हणतात आणि तिथला विसाव्या शतकातला थोर गायक आणि ऊद या छेडायच्या तंतुवाद्याचा वादक होता रेमों लेरीस. तो ज्यू; पण मुसलमान रसिकही त्याला आदराने ‘शेख रेमों’ म्हणत. २२ जून १९६१ रोजी, फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटच्या वर्षात, भर बाजारात त्याला गोळी घातली गेली. गाणं सगळ्यांचं, पण गाणारा ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे ठरवायची वेळ आली तेव्हा असं झालं. शहरातल्या ज्यूंनी त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं, आणि १९६२ पर्यंत बहुतेक सगळे देश सोडून गेले.

शिखातांकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्याजवळच्या मैदानी भागात, साफी शहराभोवतीच्या अब्दा प्रदेशात आणि आसपास, ‘अयता’ नावाची गायकी आहे. ती अरबी बोलीतली आणि मुख्यतः बायकांची. या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका म्हणजे शिखात. साथीला बेंदीर, मातीची छोटी ढोलकी आणि व्हायोलिन. पण हे व्हायोलिन खांद्यावर न धरता मांडीवर उभं ठेवून वाजवतात, वादक गज जागेवर ठेवून वाद्यच फिरवतो. अयतेचे शब्द तुटक असतात: एका ओळीत प्रेम, पुढच्यात घोडा, मग एकदम एखाद्या गावाचं नाव, मग पीरबाबाची हाक. बाहेरच्याला संदर्भ लागत नाही. तेच तर हवं असे, कारण कित्येकदा त्या ओळींत सत्तेवर वार असत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्दात कायद ऐसा बेन ओमर हा सुलतानाचा जबरदस्त अंमलदार होता. औलाद झैद टोळीने त्याच्याविरुद्ध बंड केलं. त्या टोळीची खरबूशा नावाची शिखा त्याच्यावर जळजळीत अयता गाई. बंड मोडलं, लोककथा म्हणते की कायदने तिला पकडून हालहाल करून मारलं. कथेत भर पडली असणारच. पण कायदची ओळख आज मोरोक्कोत बहुतेकांना खरबूशाच्या गाण्यांमुळे आहे, ही भर नव्हे.

आणि तरीही शिखा म्हणजे ‘तसली बाई’. तिच्यावाचून बारसं-लग्न रंगत नाही, तिच्या अंगावर नोटा उधळल्या जातात, पण तिच्याशी सोयरीक नको. लावणी आणि तमाशाच्या बाबतीत आपण जे केलं तेच: फडावर शिट्ट्या, आणि घरी विषय काढायचा नाही. शिखातांमध्ये घटस्फोटित, टाकलेल्या, घरातून पळालेल्या बायका बऱ्याच असत, कारण मोकळ्याने हिंडून पैसे कमावण्याची वाट त्यांच्यापुढे हीच होती. हे स्वातंत्र्य आणि ती बदनामी वेगवेगळी मिळत नसत.

ग्नावांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण जगभर गाजल्यामुळे ती सहज वाचायला मिळते. सहारापलीकडून काफिल्यांतून आणलेल्या काळ्या गुलामांचे हे वंशज. त्यांचं वाद्य गंब्री: पोखरलेल्या लाकडावर उंटाचं कातडं, तीन जाड तारा, वादक एकाच हाताने तार छेडतो आणि कातड्यावर थापही मारतो. जोडीला करकाब, म्हणजे लोखंडी चिपळ्या. त्यांचा मुख्य विधी रात्रभर चालतो आणि तो उपचार असतो. आजाऱ्याला कोणत्या अदृश्य शक्तीने धरलंय हे ओळखायचं, त्या शक्तीची चाल, तिचा रंग, तिचा धूप द्यायचा, आणि माणसाला अंगात येऊन नाचू द्यायचं. ती शक्ती कायमची जाते असं कुणी मानत नाही. तिच्याशी समझोता होतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा रात्र घालावी लागते. सुशिक्षित मंडळी पूर्वी याला अंधश्रद्धा म्हणून नाकं मुरडत. १९९८ मध्ये एसावीरा शहरात ग्नावा महोत्सव सुरू झाला, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, आणि आता गंब्री पर्यटन खात्याच्या जाहिरातीत असते. मला यात आनंद आणि धास्ती दोन्ही वाटतात. रात्रभराचा विधी मंचावर पाऊण तासाचा होतो, तेव्हा रुग्ण कुठे जातो?

अल्जीरियात गाणं थेट राजकारणात शिरलं. १९६२ साली देश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने ठरवलं की राष्ट्राची भाषा एकच, अरबी. कबिली या तिथल्या अमाझिग भाषेला शाळेत, कचेरीत जागा नव्हती. रेडिओवर मात्र तिच्यासाठी एक वाहिनी होती आणि कॅसेट कुणालाही काढता येत होती. त्यामुळे भाषेचं सगळं ओझं गाण्यावर आलं. १९७० च्या दशकात इदीर या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याने गिटारवर एक जुनी आजीची गोष्ट गायली: दाराबाहेर राक्षस, आत म्हातारा बाप, बाहेरून मुलगी बांगड्या वाजवून ओळख पटवते. ‘आ वावा इनूवा’ हे ते गाणं फ्रान्सपर्यंत पोचलं. त्यात राजकारणाचा एक शब्द नाही. पण जी भाषा अस्तित्वातच नाही असं सरकार म्हणत होतं, ती परक्या देशाच्या रेडिओवर वाजत होती.

मार्च १९८० मध्ये लेखक मुलूद मामेरी यांचं तिझी उझू विद्यापीठातलं व्याख्यान सरकारने रद्द केलं. विषय होता जुनी कबिली कविता. तेवढ्यावरून विद्यार्थी पेटले, संप झाले, अटका झाल्या. यालाच ‘अमाझिग वसंत’ म्हणतात. या पिढीचा आवाज होता लुनेस मातूब. तो सरकारलाही शिव्या द्यायचा आणि धर्मांधांनाही. २५ सप्टेंबर १९९४ ला सशस्त्र इस्लामी गटाने त्याला पळवलं. कबिली रस्त्यावर उतरले आणि पंधरवड्याने तो सुटला. त्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला, ओरानमध्ये शेब हसनीला गोळ्या घातल्या गेल्या. हसनी २६ वर्षांचा, ‘राय’ हा ओरानचा प्रकार गाणारा, आणि गायचा काय तर प्रेमभंग. मातूबचाही २५ जून १९९८ ला रस्त्यात खून झाला. दहाच दिवसांनी अरबी सक्तीचा कायदा लागू व्हायचा होता. अल्जीरियात अमाझिग भाषा अधिकृत व्हायला २०१६ उजाडलं. मोरोक्कोत ते २०११ च्या संविधानाने झालं होतं.

राय म्हणजे ओरान बंदराच्या झोपड्या, दारूचे अड्डे आणि लग्नं यांतून आलेलं गाणं. शेखा रिमित्ती ही त्याची आद्य बाई, १९२३ चा जन्म, अनाथ वाढलेली. वसाहतीच्या काळात ती देहसुखाबद्दल उघड गायली. स्वतंत्र अल्जीरियाच्या सरकारलाही ती झेपली नाही. मक्केची यात्रा करून आली तरी तिने गाणं सोडलं नाही, आणि २००६ मध्ये मृत्यूच्या दोनच दिवस आधी पॅरिसला भरगच्च सभागृहात गायली. तिच्याच परंपरेतल्या खालेदचं १९९२ मधलं ‘दीदी’ आपल्याकडच्या रिक्षांत आणि वरातींतही वाजलं, शब्द कळत नसताना. ज्या रायला सरकारी वाहिन्या दाराबाहेर ठेवत होत्या, त्याला युनेस्कोकडे मान्यता मिळवून देणारा अर्ज पुढे अल्जीरियानेच केला, आणि २०२२ मध्ये तो मंजूर झाला.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरणही सांगायला हवं: सहारातले तुआरेग. ते अमाझिगच, पण त्यांच्याकडे सर्वांत मानाचं वाद्य इमझाद हे फक्त बायकांनी वाजवायचं. अर्ध्या भोपळ्यावर बकरीचं कातडं आणि घोड्याच्या केसांची एक तार. पुरुषाच्या शौर्याला इमझादची साथ मिळणं हा त्याचा गौरव, आणि लाजिरवाणं वागलेल्यासाठी ते वाजत नाही. बाजरी कांडायच्या उखळावर ओलं कातडं ताणून ‘तिंदे’ नावाचा ढोल करतात, तोही बायकांचाच. इथे वाजवणारी बाई बदनाम नसते. उलट पुरुषाच्या अब्रूची किल्ली तिच्या हातात असते. याच वाळवंटातून दुष्काळ आणि बंडांमुळे परागंदा झालेल्या पोरांनी गिटार हाती घेतली आणि तिनारीवेन हा गट उभा राहिला. २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळाला. त्याच वर्षी उत्तर मालीत सत्ता बळकावलेल्या जिहादींनी संगीतावर बंदी घातली.

ऐकायचं असेल तर सुरुवात तिनारीवेनच्या गिटारने करा, कान लगेच बसतो. मग इदीर. अहवाश ऐकताना चित्रफीत बघाच, नुसत्या आवाजात रांगा दिसत नाहीत. अंदालुसी नूबेचा संथ भाग कंटाळून पुढे ढकलू नका. त्या शेवटच्या धावेची मजा आधीच्या तासाभराच्या संथपणावर उभी असते. आणि अयता ऐकताना गावांची नावं आली की नकाशा उघडून बसा, बहुतेक नावं साफीच्या आसपास सापडतील.